वऱ्हाडातला 'ऱ्ह' आणि यंत्राची बाराखडी

वाचकहो, आपल्या जिल्ह्याचे नाव तुम्ही कसे लिहिता? बुलढाणा की बुलडाणा? एस.टी.च्या पाटीवर एक दिसते, दुकानाच्या फलकावर दुसरे. भिल्लांचे ठाणे ते भिलठाणा, आणि त्याचेच पुढे बुलढाणा झाले, अशी आपल्याकडची परंपरागत समजूत. तिला धरून चालणारे ढ-वर अडून बसतात. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात मात्र ड-चाच उच्चार निघेल असे रोमन स्पेलिंग छापले गेले. तुमच्या-माझ्यासारख्या माणसाचे यात काही अडत नाही. पत्रावर ड असो की ढ असो, टपालवाला पत्र बरोबर पोचवतो. पण हल्ली आपली नावे माणसांच्या वहीत कमी आणि यंत्राच्या कोठारात जास्त राहतात. त्या कोठारात ड हा २३३७ क्रमांकाचा गडी आहे आणि ढ हा २३३८ क्रमांकाचा. शेजारी शेजारी राहतात खरे, पण यंत्राच्या लेखी त्यांचे काही नाते नाही.

यंत्राच्या कोठारात मराठी नावे कशी हरवतात, कशी फुटतात आणि पुन्हा कशी सापडतात, हा आजचा विषय. ऐकायला तो नवा वाटेल. पण आपल्या मुलखाला हे दुखणे यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

अबुल फजलाच्या 'आईने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे आणि तीत आपले मेहकर आहे. ती यादी फारसीत. फारसी लिपीत ळ नाही आणि ण नाही. तेव्हा जळगाव आणि देऊळगाव यांना त्या दफ्तरात शिरायचे तर ळ बाहेर ठेवूनच शिरावे लागे. लिहिणाऱ्याजवळ जी अक्षरे आहेत तेवढीच अक्षरे तो लिहिणार. पुढे १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १९०३ साली ते मध्य प्रांताला जोडले गेले, १९५६ साली मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. दर फेऱ्यात कचेरी बदलली, कारकून बदलला आणि नाव नव्या अक्षरांत उतरवले गेले. इंग्रजांच्या कागदांत तर 'वऱ्हाड' या शब्दाचा 'बेरार' झालेला दिसतो. त्यात ऱ्ह गेला आणि शेवटचा ड-ही गेला.

घरचा कारभार चाले तो मोडीत. मोडी म्हणजे धावती लिपी. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता ओळ लिहीत जायची. शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्ह नाही. आणि आजच्या विषयाला लागू पडणारी गोष्ट म्हणजे वेलांटी-उकारांचा ह्रस्व-दीर्घ भेद मोडी सहसा पाळत नाही. 'दिन' आणि 'दीन' मोडीत सारखेच दिसायचे. तरी कुळकर्ण्याचा घोटाळा होत नसे, कारण तो अक्षर वाचण्याबरोबर प्रसंगही वाचत असे. १८१० साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरी याचा मराठी कोश निघाला, त्यातले मराठी शब्द मोडी टाइपातच छापलेले होते. पुढे छापखान्यांनी बालबोध जवळ केली आणि विसाव्या शतकात सरकारी कामातून आणि शाळांतून मोडी मागे पडली. जुने कागद बालबोधीत उतरवताना प्रत्येक वेलांटी ह्रस्व की दीर्घ, याचा निर्णय उतरवणाऱ्याला करावा लागला. तो निर्णय त्याने ज्याच्या त्याच्या समजुतीने केला. म्हणून एकाच घराण्याचे आडनाव आज दोन भावांच्या कागदांवर दोन तऱ्हांनी सापडते.

आता यंत्राकडे वळू. यंत्राला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देऊन ठेवावा लागतो. अशा क्रमांकांच्या यादीला अक्षरसंच म्हणतात. अमेरिकनांनी १९६३ साली आपली पहिली यादी प्रसिद्ध केली. तिला आस्की म्हणतात. तीत जागा १२८, आणि त्यांची इंग्रजी लिपी, आकडे व विरामचिन्हे तेवढ्यात सुखाने मावली. १९७० साली एडगर कॉड या संशोधकाने माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवून एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध जोडण्याची पद्धत मांडली. आपण तलाठ्याचे दफ्तर डोळ्यांपुढे आणले की ती समजायला सोपी जाते: एका वहीत खातेदार, दुसरीत गट क्रमांक, तिसरीत फेरफार, आणि खाते क्रमांकाच्या धाग्याने तिन्ही वह्या बांधलेल्या. या पद्धतीच्या कोठाराला डेटाबेस म्हणतात. धागा जुळतो तोवर सगळे ठीक. पण धागा म्हणून क्रमांकाऐवजी गावाचे किंवा माणसाचे नाव वापरले, आणि ते दोन वह्यांत दोन तऱ्हांनी लिहिले गेले, की धागा तुटला म्हणून समजा.

आपली अक्षरे यंत्रात कशी बसली ती कथाही ऐकण्यासारखी आहे. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी जे काम झाले ते पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेकडे आले. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. जिस्ट नावाचे एक कार्ड यंत्रात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचा एक समाईक आराखडाही त्याच सुमारास ठरला आणि १९९१ साली तो भारतीय मानक म्हणून पक्का झाला. समाईक म्हणजे कसा? क-च्या जागी देवनागरीचा क, बंगालीचा क, तमिळचा क, सगळे एकाच खणात. कल्पना उत्तम होती. पण सगळ्यांचा मिळून एक तक्ता करायचा तर प्रत्येकाच्या घरची बाराखडी जशीच्या तशी राहत नाही. ळ ला ल-च्या शेजारी बसवले गेले. आपल्या शाळेत मात्र ळ ह-च्या नंतर येतो. या एका बदलाचा त्रास अजून चालू आहे, त्याकडे पुढे येतो.

मधल्या काळात आणखी एक प्रकार झाला. १९९० नंतर तालुक्या-तालुक्याला लग्नपत्रिका आणि हस्तपत्रके छापणारी संगणकाची दुकाने निघाली. तिथे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असे फाँट आले. या फाँटांनी मराठीचा प्रश्न सोडवला नाही, त्यावर मुखवटा चढवला. यंत्राच्या पोटात रोमन अक्षरच साठवायचे, फक्त त्याच्या तोंडावर देवनागरीचे चित्र लावायचे. कृतिदेवात 'भारत' लिहा आणि मग तो फाँट काढून घ्या. पडद्यावर काय उरते? एच, के, के, जे, आर. छापलेल्या कागदाला याने काही बाध येत नाही. पण कोठारात साठवलेल्या यादीचा हा मोठा घात आहे. यादी करणारे दुकान बंद झाले, फाँट गेला, की हजारो नावांची यादी म्हणजे रोमन अक्षरांचे कडबोळे. शिवाय दर फाँटाचा मुखवटा वेगळा. अशी यादी हाती आली तर ती आधी कोणत्या फाँटात केली ते शोधावे आणि त्याच फाँटासाठी केलेल्या रूपांतरकातून ती काढावी. दुसऱ्या फाँटाचा रूपांतरक लावला तर बरोबर असलेलेही बिघडते.

१९९१ साली युनिकोड आले. जगातल्या सर्व लिप्यांना प्रत्येक अक्षरागणिक एक स्वतंत्र क्रमांक, ही त्यामागची कल्पना. देवनागरीला त्यात २३०४ पासून २४३१ पर्यंतची आळी मिळाली, आणि तिची आतली रचना इस्कीवरूनच घेतली गेली. पुढच्याच वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी हे क्रमांक साठवण्याची यूटीएफ-८ ही रीत काढली. तिचा पहिला आराखडा त्यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडला असे सांगतात. यंत्राचा एक खण म्हणजे एक बाइट, आणि त्यात ० ते २५५ एवढाच आकडा मावतो. म्हणून इंग्रजी अक्षराला एक खण आणि देवनागरी अक्षराला तीन खण, असा यूटीएफ-८ चा हिशेब आहे. आपला म तीन खणांत २२४, १६४, १७४ असा बसतो. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराची सुरुवात २२४ नेच होते, आणि दुसरा आकडा १६४ किंवा १६५ असतो. एवढे तीन आकडे लक्षात ठेवा, वैद्याला नाडी कळावी तसे यावरून दुखणे कळते.

कारण आता हा म असलेला कागद समजा अशा कोठारात गेला, जिथे पश्चिम युरोपची जुनी यादी लावलेली आहे. ती यादी एका खणाला एक अक्षर मानते. २२४ म्हणजे तिच्या मते डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए. १६४ म्हणजे नाण्याची खूण. १७४ म्हणजे वर्तुळातला आर. तुम्ही म लिहिला आणि पडद्यावर ही तीन भुते उभी राहिली. तो डोक्यावर रेघ असलेला ए जर दर दोन चिन्हांआड पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर घाबरू नका. आकडे शाबूत आहेत, फक्त ते चुकीच्या यादीने वाचले जात आहेत. माल सुरक्षित आहे, चावी चुकली आहे.

याउलट नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसली, जेवढी अक्षरे तेवढी प्रश्नचिन्हे, तर तो प्रकार गंभीर. त्याचा अर्थ असा की, वाटेत कोणीतरी प्रत्येक अक्षर आपल्या यादीत शोधले, ते सापडले नाही, आणि त्याने अक्षर फेकून देऊन जागेवर प्रश्नचिन्ह ठेवले. हे प्रश्नचिन्ह कोठारातच साठले असेल तर कोणताही जाणकार ते परत आणू शकत नाही. कारण प्रश्नचिन्हामागे काही उरलेलेच नसते. तिथे मूळ कागद काढून पुन्हा नाव घालणे एवढाच उपाय. म्हणून मी शिक्षक मित्रांना सांगत असतो की, नावे संगणकावर चढली म्हणून दाखल-खारीज रजिस्टर अडगळीत टाकू नका. आणि तिसरा एक प्रकार आहे तो रिकाम्या चौकोनांचा. चौकोन दिसले तर कोठाराला हात लावूच नये. समोरच्या यंत्रात त्या लिपीचा फाँट नाही एवढाच त्याचा अर्थ.

या सगळ्यातले सर्वांत फसवे दुखणे वेगळेच आहे. मायएसक्यूएल नावाचा एक डेटाबेस जगभर फार वापरला जातो, कारण त्याची एक आवृत्ती फुकट मिळते. तो १९९५ साली एका स्वीडिश कंपनीने काढला. कोणी काही वेगळे सांगितले नाही तर हा डेटाबेस पश्चिम युरोपची यादी धरून चाले आणि अक्षरांचा क्रम स्वीडिश भाषेचा लावी. २०१८ साली त्याची आठवी आवृत्ती आली तेव्हा कुठे ही मूळची सवय बदलली. म्हणजे तोवर ज्याने विचारपूर्वक काही निवडले नाही त्याची मराठी गावांची यादी स्वीडनच्या नियमाने लागत होती! आता फसवेपणा कसा तो पाहा. मराठी मजकुराचे तीन-तीन खण कोठाराने युरोपी अक्षरे समजून ठेवले, आणि परत देताना युरोपी अक्षरे समजूनच जसेच्या तसे परत दिले. पडद्यावर मराठी बरोबर दिसते. जाताना एक चूक, येताना तीच चूक उलटी, आणि दोन चुका एकमेकींना झाकतात. वर्षानुवर्षे काम चालते. मग एक दिवस नवा माणूस येतो, नवे यंत्र आणतो, आपल्या बाजूची चावी नीट लावतो, आणि लगेच सगळीकडे रेघवाले ए दिसू लागतात. बोल लागतो नव्या माणसाला. बिघाड मात्र पहिल्या दिवसापासूनचा असतो.

अशा वेळी घाईने 'यादी बदला' असा हुकूम कोठाराला दिला तर दुप्पट नुकसान होते. कोठार ते तीन युरोपी अक्षरे खरी मानून त्यांचे नव्या रीतीने रूपांतर करते, आणि आपल्या एका म-चे तीन खण होते तिथे सहा होतात. बरोबर रीत अशी: प्रथम सगळ्या कोठाराची नक्कल काढून बाजूला ठेवायची. मग त्या रकान्याला सांगायचे की तू अक्षरे नाहीस, तू नुसते आकडे आहेस. तो आपले अक्षरपण विसरला की मग सांगायचे, हे आकडे यूटीएफ-८ चे आहेत. खण जागचे हलत नाहीत, फक्त त्यांचा अर्थ बदलतो. त्याचबरोबर चारही दारे तपासायची: रकाना, पूर्ण कोठार, कोठार आणि कार्यक्रम यांच्यामधली जोडणी, आणि शेवटी पडद्यावरचे पान. चारांपैकी तीन दुरुस्त केली आणि एक राहिले, तर दुखणे त्या एका दारातून परत येते. बहुधा जोडणीचे दार विसरले जाते.

रुंदीचाही एक प्रश्न आहे. काही कोठारांत रकान्याची रुंदी अक्षरांत मोजत नाहीत, खणांत मोजतात. आपला जळगाव जामोद तालुका घ्या. देवनागरी खुणा दहा, त्यांचे तीस खण, मधल्या जागेचा एक, एकूण एकतीस. एखाद्याने इंग्रजी नावाच्या हिशेबाने वीस खणांचा रकाना केला असेल तर त्यात 'जळगाव ज' एवढेच धड मावते आणि एक खण अधांतरी लोंबत राहतो. शेजारी खानदेशात जळगाव जिल्हा आहे. 'जामोद' तुटला की कागद कोणत्या जळगावला जाईल हे सांगायला नको.

आता वळतो आपल्या वऱ्हाडच्या नावाकडे. त्यातला जो र आहे तो साधा नाही. ह-वर रफार काढला तर 'वर्हाड' होते आणि उच्चार बिघडतो. आपण तिथे पापणीसारखा आडवा र लिहितो. दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, गोऱ्हा, कऱ्हाड, सगळे याच जातीचे. हा मराठीचा खास र आहे, हिंदीला त्याची गरज पडत नाही. आणि तो चैनीचाही नाही. 'आचाऱ्याला बोलवा' म्हटले तर स्वयंपाकी येतो आणि 'आचार्याला बोलवा' म्हटले तर गुरुजी येतात. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र.

युनिकोडात हा पापणीचा र लिहिण्याचे दोन मार्ग आहेत, आणि गोम तिथेच आहे. एक मार्ग असा: खाली टिंब असलेला ऱ, क्रमांक २३५३, त्याला हलन्त लावायचा. हा ऱ मुळात दक्षिणेकडच्या भाषांतला र देवनागरीत दाखवण्यासाठी तक्त्यात होता. त्याचे अर्धे रूप मराठीच्या कामी आले. दुसरा मार्ग असा: साधा र, क्रमांक २३५२, त्याला हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारी जोडखूण, क्रमांक ८२०५. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. छापले तरी सारखे दिसतात. पण पहिल्या रीतीने 'वऱ्हाड' या शब्दात सहा खुणा आणि अठरा खण होतात, दुसऱ्या रीतीने सात खुणा आणि एकवीस खण. यंत्राने दोन्ही समोरासमोर ठेवले तर ते म्हणते, हे दोन वेगळे शब्द आहेत.

समजा एखाद्या शेतकऱ्याचे आडनाव कऱ्हाळे आहे. बँकेतल्या माणसाने ते एका कळफलकावर टाइप केले, सेवा केंद्रातल्या मुलाने दुसऱ्या कळफलकावर. दोघांनीही शुद्धच लिहिले. पण दोन याद्या जुळवताना नाव जुळत नाही, आणि टेबलापलीकडचा माणूस म्हणतो, "तुमचे नाव यादीत नाही." तो बिचारा कागद पुढे करून विचारतो, "साहेब, हे काय, माह्यं नाव तं हाय ना!" दोघेही खरे बोलत असतात. २०१७ साली सात-बाराच्या संगणकीकरणात गावोगाव चावडी-वाचन झाले, म्हणजे यंत्रातला उतारा गावासमोर मोठ्याने वाचून दाखवला. पुढे १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. चावडी-वाचन ही फार शहाणी पद्धत आहे असे माझे मत आहे. गळलेले नाव, चुकलेला हिस्सा, सगळे त्यात कानाला कळते. पण हा ऱ्ह-चा घोटाळा मात्र तिथेही कळत नाही, कारण दोन्ही रूपे वाचताना सारखीच ऐकू येतात!

असाच जुळा भाऊ 'ॲ' चा. बँक, बॅट यांत काही अडचण नाही. पण शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या ॲ ला युनिकोडात स्वतःचा क्रमांक २००८ साली मिळाला, २४१८. त्याआधी लोक साधा अ काढून त्यावर चंद्र ठेवत. त्यामुळे २००८ च्या आधीचा ॲडव्होकेट आणि नंतरचा ॲडव्होकेट यंत्राला वेगळे दिसू शकतात. २००९ साली राज्य शासनाने वर्णमालेचा निर्णय काढून ॲ आणि ऑ यांना रीतसर जागा दिली. पण जुन्या कोठारांत साठलेले अ-वरचे चंद्र तसेच राहिले.

यावर उपाय आहे. नाव कोठारात शिरतानाच ते एका ठरलेल्या रूपात आणायचे: दुसऱ्या रीतीचा ऱ्ह आला तर पहिल्या रीतीचा करायचा, चंद्र वेगळा आला तर जोडायचा, मागे-पुढे राहिलेली न दिसणारी जागा झाडून टाकायची. शोधणाऱ्याने टाइप केलेले नावही त्याच चाळणीतून काढायचे.

दुसरा उपाय म्हणजे तुलनेचा नियम सैल करणे. दोन शब्द सारखे कधी मानायचे आणि कोणता आधी लावायचा, या नियमाला कोलेशन म्हणतात. सैल कोलेशन न दिसणाऱ्या खुणा मोजतच नाही आणि ऱ-खालचे टिंबही सोडून देते. मग वऱ्हाड कसाही लिहा, सापडतो. पण सैलपणाची किंमत द्यावी लागते. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' त्यात एक होतात. काही नियम तर अनुस्वारालाही हलकी खूण समजून वगळतात, आणि मग 'चिंता' आणि 'चिता' हे यंत्राला एकच शब्द वाटतात. आपले जुने लोक त्या दोहोंत एका टिंबाचे अंतर सांगत आले. अशा रकान्यात 'एकच नाव दोनदा नको' अशी अट घातलेली असेल तर माडे नावाच्या माणसानंतर मांडे नावाच्या माणसाला दारातून परत पाठवले जाईल. हे मोडीसारखेच झाले. मोडीनेही ह्रस्व-दीर्घ सोडून दिले होते. पण मोडी वाचणाऱ्याजवळ गाव होते, शिवार होते, त्या घराण्याची ओळख होती. यंत्राजवळ यातले काही नाही. म्हणून शोधण्यासाठी सैल नियम आणि नाव पक्के नोंदवण्यासाठी कडक नियम, अशी दोन्हींची वाटणी करावी हे बरे.

क्रमाचे तेवढे सांगायचे राहिले. आपल्या जिल्ह्याचे तेरा तालुके खामगाव, चिखली, जळगाव जामोद, देऊळगाव राजा, नांदुरा असे ओळीने लावले तर यंत्र सिंदखेड राजापर्यंत बिनचूक जाते. तिथे ळ कुठे आड येत नाही. पण मुलांना कळप, कवडी, कस, कहाणी हे शब्द शब्दकोशाप्रमाणे लावायला सांगा. शाळेच्या वर्णमालेत ळ ह-नंतर, तेव्हा कळप सर्वांत शेवटी जाईल. यंत्राने नुसते क्रमांक पाहिले तर ळ २३५५ आणि व २३५७, म्हणून कळप सर्वांत आधी येईल. स्वीडिश लोकांचेही असेच आहे. त्यांची तीन खास अक्षरे झेड-नंतर येतात, आणि त्यांनी त्यासाठी आपला नियम यंत्रात घालून घेतला. मराठीसाठीही ळ ला ह-नंतर नेणारा नियम तयार आहे, पण तो मागून घ्यावा लागतो. क्ष आणि ज्ञ यांच्याबद्दल तर आपल्यातच एकमत नाही. कोणी त्यांना वर्णमालेच्या शेवटी बसवतो, कोणी क्ष ला क-च्या जोडाक्षरांत ठेवतो. शाळेत बाराखडी म्हणताना कं हा कौ-च्या मागून येतो आणि पुष्कळ शब्दकोशांत अनुस्वाराचे शब्द सर्वांत पुढे असतात. हे ठरवणे यंत्राचे काम नाही. बुलढाणा-बुलडाण्याचेही तेच. कोणतेही कोलेशन ड आणि ढ एक करणार नाही, आणि करूही नये. तिथे एक नाव मुख्य मानून दुसरे 'उर्फ' म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवावे, जसे आपण गावच्या माणसांचे ठेवतो.

शिक्षक मंडळींनी शाळेच्या संगणकावर एक छोटा प्रयोग जरूर करावा. वऱ्हाड, दऱ्या, दर्या, चिंता, चिता, ॲडव्होकेट, जळगाव जामोद, ज्ञानेश्वर, कहाणी, कळप एवढे शब्द नव्या यादीत घाला. मग ती यादी बंद करून उघडा, प्रत्येक शब्द शोधून पाहा, दुसऱ्याच्या मोबाइलवरून टाइप करून शोधून पाहा, आणि शेवटी क्रमाने लावा. यंत्र कुठे अडखळते ते वर्गातल्या मुलांनाही दिसेल, आणि आजवर नुसती पाठ केलेली वर्णमाला काय कामाची असते तेही कळेल.

शेवटी मोडीची एक गोष्ट. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीलाही जागा मिळाली. २०२३ साली जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती गरज पडली ते आपण पाहिलेच आहे. तसे कागद आता यंत्रात मोडीतच टिपता येतील. पण मोडीची आळी फार लांब आहे, तिचा पहिला क्रमांक ७११६८. एवढ्या मोठ्या क्रमांकाला तीन खण पुरत नाहीत, चार लागतात. आणि मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ-८' हा नावाला यूटीएफ-८ असला तरी तीनच खणांचा होता. चार खणांचा प्रकार त्यांनी २०१० साली वेगळ्या नावाने आणला, त्याला यूटीएफ-८ एमबी-४ म्हणतात. जुन्या प्रकारच्या रकान्यात मोडीची ओळ घातली की एक तर यंत्र ती नाकारते, किंवा पहिल्या मोडी अक्षरापाशीच ओळ तोडून पुढचे सगळे टाकून देते आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. तुमच्या गावचे जुने दफ्तर कोणी यंत्रावर चढवायला आला, तर नावे सांगण्याआधी त्याला एवढे विचारून घ्या की, रकाना चार खणांचा केला आहे ना?